हद

वही मिटा आधी.
उद्यमबागेत, फौंड्रीच्या दारात,
नव्या पोरांना मी पहिलं हेच सांगते.
भरमा, तू प्रश्नांची यादी करून आलायस. अक्षर छान आहे.
घडी घालून बुटात ठेव, टाचेला चटका बसणार नाही.

‘वाळू तयार झाली हे कसं कळतं?’
असं विचारलंत तर शिवपुत्रअण्णा म्हणतील, ‘कळतंय की.’
आणि तंबाखू मळायला घेतील,
आणि तुमचा अर्धा दिवस त्या चिमटीत जाईल.
एकतीस वर्षांत जे हातात उतरलं
त्याला जिभेपर्यंत यायची वाट माहीत नाही;
बिचाऱ्याला कधी यावंच लागलं नाही.

म्हणून एका दिवसाचं विचारा.
कुठला साचा ढासळला? पाळी कुणाची होती?
चहा आला होता की यायचा होता?
तुम्ही कुठं उभे होता अण्णा, इथं, की त्या खांबापाशी?
माणूस खांबापाशी गेला
की खांबापाशी काय दिसत होतं ते त्याला दिसायला लागतं.
मग तिथंच थांबा.
‘म्हणजे ओल कमी पडली ना?’
मेहजबीन, हे तू म्हणालीस.
ओल तुझी. ते भले, त्यांनी मान हलवली.
त्या मानेचा उद्या रिपोर्ट होतो.

आता बघा.
मूठभर वाळू. दाबली. उघडली.
चार बोटांचे चार वळ.
मग मधोमध मोडली,
आणि ते बघताहेत मोडलेल्या कडेकडे.
तुम्ही तिघंही मुठीकडे बघत होतात.
विचारा, कडेला काय दिसलं?
विचारा, नवा पोरगा असता तर इथं काय करून बसला असता?
आता खुलतील.
नव्या पोरांच्या चुका सांगताना कुठलाच उस्ताद मुका राहत नाही.

आणि गप्प बसा.
हे मला शिकवता येत नाही.
मी मनात सातपर्यंत मोजते, कानडीत,
कारण मराठीत सात फार लवकर येतात.

बारा वर्षांपूर्वी याच अण्णांसमोर
मी वही उघडी ठेवून बसले होते.
ते म्हणाले, ‘हद बंदैति.’
मी लिहिलं, हद्द आली.
या बेळगावात हद्द ऐकली
की पुढचं कोण ऐकतो? सगळं ठाऊकच असतं.
हद्द म्हणजे याच्यापुढे पाणी नको.
मीटरवर तांबडी रेघ आखली गेली,
रेघेच्या अलीकडे सगळं चालेल असं ठरलं.
तीन आठवडे पंपांच्या बॉड्या वाळू खाऊन बाहेर पडल्या.
अण्णा काही बोलले नाहीत.
मीटर शिकलेला होता. मीही.

मग एकदा शेजारच्या नीलव्वा,
कुंद्याचा खवा तांबूस होत होत कढईची कड सोडताना,
माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘हद बंतु,’
आणि कढई उतरवली.
मी उंबऱ्यातच खाली बसले.
आमच्या आईच्या शेताला वाफसा यायचा, तसलं काहीतरी.
येतं, आणि जातंही.
त्याला अलीकडे-पलीकडे नसतं.

‘मॅडम, हद कशी लिहू?’ भरमा विचारतो.
ऐकलीस तशी. आणि पुढं जागा सोड, बरीच.

जाताना आज मी अण्णांसमोर मूठ धरली.
दाबली, मोडली.
त्यांनी कडेकडे बघितलं.
‘अजून नाही,’ म्हणाले.

मला वाटलं आता हसतील सगळे.
पण मेहजबीन पुढं आली,
हात मागे बांधून:
‘काय दिसलं, अण्णा?’

कुणी काही बोललं नाही.
ओंदु.
एरडु.
मूरु.